सर्वांना समान माध्यान्ह

एका जंगलात, मुलांनो, पाणी होतं, सावली होती, फळं होती. तरी प्राण्यांना काहीतरी कमी आहे असं वाटे. म्हणून त्यांनी विद्यापीठ काढलं.

विद्यापीठात क्रीडा विभाग होता, वनस्पती विभाग होता, इतिहास विभाग होता. ग्रंथालय वाळवीकडे होतं आणि पुस्तकांचा वापर दरवर्षी वाढत होता.

प्रत्येक विभागात वेळ मोजायची सोय होती. पाण्याने भरलेला एक खळगा आणि त्यात तरंगणारी, बुडाला बारीक भोक पाडलेली करवंटी. करवंटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग ती उपसून पुन्हा पाण्यावर ठेवायची. अशा साठ घटका झाल्या की एक दिवस.

आता करवंट्या काही सारख्या नव्हत्या. एकीचं भोक मोठं होतं. दुसरीच्या भोकात शेवाळ अडकलं होतं. त्यामुळे क्रीडा विभाग घरी जायला निघे तेव्हा वनस्पती विभागाची मधली सुट्टी चालू असे.

म्हणून विद्यापीठाने टेकडीवरच्या पठारावर एक सायाळ नेमली.

सायाळीने काय केलं? अंगावरचा सगळ्यात सरळ काटा उपटला आणि खडकाच्या फटीत उभा रोवला. भोवती घटकाघटकांचे खडे मांडले. काट्याची सावली मधल्या खड्यावर आली की माध्यान्ह झाली. त्या वेळी प्रत्येक विभागाचा शिपाई पठारावर येई, सायाळीला वेळ विचारी, परत जाई आणि आपल्या विभागाची करवंटी त्या वेळेशी जुळवून घेई.

अकरा वर्षं हे काम बिनबोभाट चाललं होतं. चांगल्या कामाची हीच अडचण असते, मुलांनो. ते चाललेलं कोणाला दिसत नाही.

या अकरा वर्षांत सायाळ हंगामीच राहिली होती. दर सहा महिन्यांनी तिला नवा आदेश मिळे, आणि दोन आदेशांमध्ये एका दिवसाचा खंड. त्या दिवशी ती कामावर नसे. काटा असे, सावली पडे, पण त्या दिवसाची माध्यान्ह अनधिकृत समजली जाई.

येत्या पौष अमावास्येला, माध्यान्ही, सायाळ निवृत्त व्हायची होती. त्याआधी तिला कायम व्हायचं होतं. नावापुढे काही लागावं म्हणून नव्हे. नियम असा होता की कायम कर्मचाऱ्याने निवृत्त झाल्यावरही आपल्या बिळात मरेपर्यंत राहावं. हंगामी कर्मचाऱ्याने मात्र त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी बीळ रिकामं करावं. पठारावरचं बीळ सायाळीने स्वतः खोदलं होतं. आता तिची नखं झिजली होती आणि नवीन बीळ खोदणं तिच्याच्याने होणार नव्हतं. एवढीच तिची गोष्ट होती.

इतिहास विभागाचा शिपाई म्हणजे कासव. ते नेमणुकीच्या दुसऱ्याच महिन्यात कायम झालं होतं. त्याला बीळ लागत नव्हतं, म्हणून कोणाची हरकत नव्हती.

सायाळ वेळ सांगे ती नुसती काट्याकडे बघून नव्हे. ती आधी विचारी, "तुला परत जायला किती वेळ लागतो?"

क्रीडा विभागाचा ससा म्हणे, "मला? हा गेलो बघा."

"मग तू पोचशील तेव्हा माध्यान्ह होऊन पाव घटका झालेली असेल. पाव घटका सांग."

कासव म्हणे, "मी आपला सावकाश जातो, सायाळबाई. वाटेत तळं लागतं."

"तळ्यात उतरतोस?"

"थोडासा."

"मग तुझ्या तीन घटका. तीन सांग."

दोघेही आपापल्या विभागात पोचत आणि दोन्हीकडे बरोबर तीच वेळ असे, जी पठारावर असे. अकरा वर्षांत चूक नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी ससा नेहमीसारखा परत पळाला नाही. त्याच्या पायात काटा मोडला होता. तो लंगडत कासवाच्या बरोबरीने टेकडी उतरू लागला. बरोबरीने चाललं की बोलणं होतं आणि बोलणं झालं की तुलना होते.

"तुला आज किती सांगितल्या?" सशाने विचारलं.

"तीन घटका. रोज तीनच असतात."

ससा थांबला. "तीन? मला पाव!"

"असेल बुवा."

"असेल काय? तुमच्या इतिहासाला तीन घटका आणि आमच्या क्रीडेला पाव? अकरा वर्षं?"

"अरे, पण तू पळतोस—"

"पळतो म्हणून कमी द्यायचं? मग तर जास्त द्यायला पाहिजे!"

कासवाने समजावायचा प्रयत्न केला. पण कासवाचं समजावून होईपर्यंत सशाचा तक्रार अर्ज लिहून, आवक होऊन, कुलसचिवांच्या टेबलावर पोचलाही होता.

कुलसचिव घोरपड होती. एकदा एखाद्या कागदाला चिकटली की ओढूनही निघत नसे, म्हणूनच तिची निवड झाली होती. तिने चौकशी लावली. कुलगुरू गवा अध्यक्षस्थानी बसला. तो फार मोठा होता आणि त्यामुळे त्याचं सगळ्यांना पटत असे.

"सायाळबाई," घोरपड म्हणाली, "भाद्रपद वद्य तृतीयेला, एकाच क्षणी, आपण सशाला पाव घटका आणि कासवाला तीन घटका सांगितल्या. होय की नाही?"

"होय. पण—"

"पण नंतर. यातली खरी कोणती?"

"दोन्ही खऱ्या."

गव्याने डोळे मोठे केले. ते आधीच मोठे होते.

"बाई, ज्याला पोचायला वेळ लागतो त्याच्या वेळेत वाटेतला वेळ धरावा लागतो," सायाळ म्हणाली. "नाहीतर तो पोचेपर्यंत सांगितलेलं शिळं होतं."

"म्हणजे," घोरपड लिहीत म्हणाली, "वेळ सांगण्यापूर्वी आपण समोर कोण आहे ते बघता."

"बघावंच लागतं."

"कोण आहे ते बघून वेगवेगळी वेळ सांगता."

"हो, म्हणजे तसं—"

"लिहून घेतलंय मी."

गवा बराच वेळ रवंथ करून म्हणाला, "आमच्या विद्यापीठात भेदभाव खपवून घेतला जाणार नाही. ससा असो, कासव असो, सर्वांना समान वेळ. वाटेसाठी प्रत्येकाने सरसकट अर्धी घटका धरावी. कमी नाही, जास्त नाही."

"पण साहेब, कासव अर्ध्या घटकेत टेकडीसुद्धा उतरत नाही," सायाळ म्हणाली.

"तो कासवाचा वैयक्तिक प्रश्न आहे."

समान वेळेचं परिपत्रक निघालं. सशाने पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवसापासून इतिहास विभाग रोज अडीच घटका मागे पडू लागला. कासव तीन घटकांनी पोचे आणि अर्धीच सांगे. इतिहास विभागाला मागे राहण्याची सवय होती, पण परीक्षा जवळ आल्या होत्या. त्यांनीही अर्ज केला.

घोरपडीने त्यावर असा तोडगा काढला की मला आजही तिचं कौतुक वाटतं. तिने दुसरं परिपत्रक काढलं. रोज पठारावर जाण्याची आवश्यकता नाही, विभागांनी शेजारच्या विभागाकडून वेळ घ्यावी. वाटेसाठी अर्धी घटका धरण्याचा नियम कायम राहील.

तिन्ही विभाग एकमेकांना लागूनच होते. क्रीडा विभागाचा ससा वनस्पती विभागाला वेळ विचारू लागला. वनस्पती विभागाची खार इतिहास विभागाला विचारू लागली. आणि इतिहास विभागाचं कासव क्रीडा विभागाला. आपण ज्याला विचारतो आहोत तो पठारावर जाऊन आला असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. वेळ विचारायला पठारावर कोणीच जात नव्हतं.

तिघांचं मिळून चालणं होई अर्ध्या घटकेचं. नियमाप्रमाणे तिघे मिळून धरत दीड घटका. म्हणजे विद्यापीठ रोज सूर्याच्या एक घटका पुढे जाऊ लागलं.

पण वेळ जुळली, मुलांनो! अशी जुळली की पूर्वी कधी जुळली नव्हती. तिन्ही विभागांच्या करवंट्या एका क्षणी बुडत. तिन्हीकडे माध्यान्ह एकदम होई. कार्यालयातली खारीची मावशी माध्यान्हीचा पुकारा ऐकला की तारखेचं पान उलटी, आणि पान उलटलं की तारीख बदलली. गव्याने भाषणात सांगितलं की आपलं विद्यापीठ आता काळाच्या पुढे आहे. ते खरंच होतं.

पंधरा दिवसांनी माध्यान्ह सकाळी होऊ लागली. महिन्याने ती मध्यरात्री आली. जेवणाची सुट्टी काजव्यांच्या उजेडात होई. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या घुबडाला हजेरीबद्दल प्रथमच शाबासकी मिळाली.

सायाळ पठारावर एकटी बसून होती. तिला कामावरून काढायला फाइल लागली असती आणि ती निवृत्त होणारच होती, म्हणून फाइल कोणी केली नाही. ती रोज काट्याकडे बघे, माध्यान्ह झाली की मोठ्याने सांगे आणि गप्प बसे. ऐकायला कधीमधी कासव असे. ते सवयीने वर येई.

शेवटी न राहवून ती कुलसचिवांकडे गेली.

"बाई, विद्यापीठ पंचेचाळीस घटका पुढे गेलंय."

"कोणाच्या पुढे?"

"काट्याच्या. सूर्याच्या."

"सायाळबाई, तीन विभाग आहेत. तिघांची वेळ अगदी तंतोतंत जुळते. तुमची एकटीचीच जुळत नाही. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची म्हणायची?"

"सूर्य माझ्या बाजूला आहे."

"सूर्य कोणत्या विभागात येतो?"

सायाळ परत गेली.

साठ दिवस झाले तेव्हा विद्यापीठ बरोबर एक अख्खा दिवस पुढे गेलं आणि त्या दिवशी विद्यापीठाची दुपार आणि सूर्याची दुपार एकत्र आली. गव्याने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तो समाधानाने म्हणाला, "बघा. सूर्यात सुधारणा होते आहे."

दुसऱ्या दिवसापासून सूर्य पुन्हा बिघडला.

अशातच पौष आला आणि मूल्यांकन समिती येणार असल्याचं पत्र आलं. समितीचा अध्यक्ष करकोचा होता. तो दूर देशाहून यायचा होता. निकषांची यादी सोबत होती. सातवा निकष असा होता: विद्यापीठाची वेळ मूळ काट्याशी जुळते काय? जुळत असल्यास काटा सांभाळणाऱ्याचा स्वाक्षरीसह दाखला जोडावा.

घोरपड स्वतः टेकडी चढून पठारावर गेली. अकरा वर्षांत ती प्रथमच आली होती. तिने काटा चारी बाजूंनी पाहिला.

"हाच का तो?"

"हाच."

"फार ताठ आहे."

"सरळ नसला तर सावली चुकते, बाई."

घोरपड खडकावर बसली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "सायाळबाई, तुमची कायमपणाची फाइल मी वर काढली आहे. अकरा वर्षांची धूळ होती, झटकली. फक्त सही राहिली आहे. समिती येऊन गेली की त्याच बैठकीत सही होईल."

सायाळीची नजर बिळाकडे गेली.

"समितीला एक दाखला हवाय. विद्यापीठाची वेळ काट्याशी जुळते, एवढाच."

"जुळत नाही, बाई. दोन दिवस आणि वर सहा-सात घटकांचा फरक आहे."

"दिवसांचं सोडा. दिवस सावलीत दिसत नाहीत. वरच्या सात घटकांचं बोला. काटा थोडा वाकवला तर सावली सात खडे पुढे पडेल ना?"

"पडेल."

"मग?"

"काटा वाकवल्यावर तो काटा राहतो का, बाई?"

"तो तत्त्वज्ञानाचा विषय झाला. तुम्ही बिळाचं बोला."

घोरपड गेली. संध्याकाळी कासव वर आलं. सायाळीने त्याला सगळं सांगितलं.

"तू काय म्हणतोस? वाकवू?"

कासवाने पुष्कळ विचार केला. "मी इतिहास विभागात आहे, सायाळबाई. आमच्याकडे असल्या गोष्टींचं मत नंतर होतं."

"अकरा वर्षं सरळ ठेवला रे."

"हो ना."

"सरळ होता म्हणून एकाने तरी येऊन बरं म्हटलं?"

"मी म्हटलं असतं," कासव म्हणालं, "पण निघायला उशीर झाला."

सकाळी सायाळीने काटा फटीतून काढला. मोडू नये म्हणून तो आधी पाण्यात भिजवला. मग दोन्ही पंजांत धरून हळूहळू वाकवला आणि पुन्हा फटीत रोवला. सावली पुढच्या खड्यांवर जाऊन पडली. तिने दुसरीकडे तोंड फिरवलं.

समिती आली. खरी माध्यान्ह व्हायला अजून दोन घटका होत्या. विद्यापीठाच्या मते ती होऊन पाच घटका झाल्या होत्या. करकोचा पठारावर एका पायावर उभा राहिला. त्याने खडे मोजले, मग सावली पाहिली, मग खाली विभागांकडे पाहिलं.

"माध्यान्ह होऊन पाच घटका," तो म्हणाला. "आणि खालीही पाचच. उत्तम! पण मूळ काटा असा वाकडा कसा?"

घोरपड पटकन म्हणाली, "अनुभवाने."

करकोच्याने मान डोलावून ते लिहून घेतलं. सायाळीने दाखल्यावर पंजा उमटवला: आज, या क्षणी, माध्यान्ह होऊन पाच घटका झाल्या असून विद्यापीठाची वेळ व दिनांक बरोबर आहेत. 'व दिनांक' हे शब्द घोरपडीने शेवटी घातले होते. कागद पूर्ण दिसावा, एवढाच हेतू होता.

विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. गव्याला हार घातला. त्याने अर्धा तिथेच खाल्ला.

मग सगळे कार्यालयात आले. सायाळ दारात उभी राहिली. घोरपडीने शब्द पाळला. फाइल उघडली, गव्यापुढे सरकवली, खूर टेकवायची जागा दाखवली.

"दिनांक घाला," गवा म्हणाला.

घोरपडीने तारखेचं पान पाहिलं. आणि ती थांबली. खरंच थांबली, मुलांनो. तिच्या मनात कपट नव्हतं. तिच्या मनात फक्त नियम होते.

"आज पौष अमावास्या आहे," ती म्हणाली.

"नाही हो," सायाळ दारातून म्हणाली. "आज त्रयोदशी. माझे अजून दोन दिवस आहेत."

"पानावर अमावास्या आहे."

"अहो, आज पहाटे मी चंद्राची कोर पाहिली. बारीक होती, पण होती. अमावास्येला चंद्र दिसतो का?"

"चंद्र निकषांत नाही, सायाळबाई."

"बरं, अमावास्या तर अमावास्या. मी माध्यान्ही निवृत्त होणार. माध्यान्ह व्हायची आहे. बाहेर बघा, ऊन अजून चढतंय!"

घोरपडीने दाखला उचलला. सावकाश वाचला. "आज, या क्षणी, माध्यान्ह होऊन पाच घटका झाल्या असून वेळ व दिनांक बरोबर आहेत. हा पंजा तुमचाच ना?"

सायाळीने आपल्या पंजाकडे पाहिलं.

"निवृत्त झालेल्याला कायम करता येत नाही," घोरपड म्हणाली. तिचा आवाज खरोखर पडला होता. "पाच घटका आधी बोलला असता तर काही करता आलं असतं."

"मग तो दाखला चुकीचा आहे म्हणून लिहा. मी लिहून देते. काटा मी वाकवला."

"तुम्ही आता कर्मचारी नाही. तुमचं लिहिणं आवक होणार नाही."

गव्याने फाइल बंद केली आणि प्रेमाने म्हणाला, "बाई, दु:ख मानू नका. तुमच्या दाखल्यामुळे आपल्याला सर्वोच्च श्रेणी मिळाली आहे. तुमचा दाखला आम्ही चौकटीत लावणार आहोत."

सूर्यास्तापूर्वी बीळ रिकामं करायचं होतं. विद्यापीठाचा सूर्यास्त. तो झाला तेव्हा टेकडीवर लख्ख ऊन होतं आणि खाली विभागांमध्ये काजवे पेटवायची धांदल उडाली होती. त्या उन्हात सायाळ बिळातून निघाली. बरोबर न्यायचं असं काही नव्हतं. कासव निरोप द्यायला निघालं होतं, ते अजून तळ्यापाशी होतं.

जाता जाता सायाळीने फटीतला काटा उपटून सोबत न्यावा असं तुम्हाला वाटेल. तिने ओढून पाहिला. पण तो आता विद्यापीठाची मालमत्ता होता आणि सशाची तिथे पहारेकरी म्हणून नेमणूक झाली होती. कायम.

तात्पर्य: खरं धरून राहणाऱ्याचं शेवटी भलं होतं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. खोट्याला साथ देणाऱ्याचं वाईट होतं, असंही सांगतील. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. वाकायचंच असेल तर नेमणुकीच्या पहिल्या दिवशी वाकावं, म्हणजे माणूस वेळेवर कायम होतो. अकरा वर्षं ताठ राहून शेवटच्या सकाळी वाकणारा वेळेच्या बाबतीत ढिला समजावा.